मास्तरांचं न दिसणारं रफू

इस्पितळाच्या कपडेखोलीत मी घड्या घालते आणि मास्तर शिवणयंत्रावर बसतात. ऑपरेशनच्या वेळी डॉक्टर घालतात त्या हिरव्या गाऊनला भोक पडलं की मास्तर रफू करायचे. ते इतकं बेमालूम, की नंतर कुठं केलं हे त्यांनाच विचारावं लागे. त्यावर स्वारी भलतीच खूश असायची.

मग ऑपरेशन थिएटरच्या नव्या सिस्टर आल्या. त्यांनी मास्तरांचा एक गाऊन वाडग्यावर ताणला आणि रफूवर पाणी ओतलं. बाकी कापडावरून पाणी ओघळून गेलं, रफूतून मात्र टपटप गळायला लागलं. सुईच्या या भोकांतूनच जंतू जखमेपर्यंत पोचतात, असं त्यांनी समजावलं. रफूचे सगळे गाऊन बाद, यापुढं इस्त्रीनं चिकटवायची ठिगळं. मास्तरांचं तोंड एवढंसं झालं. बाद गाऊन त्यांनीच निवडून दिले.

पुढच्याच आठवड्यात काकूंचं, म्हणजे मास्तरांच्या बायकोचं, पित्ताशयाचं ऑपरेशन ठरलं. काकू मजेत होत्या. घाबरले होते ते मास्तर. आदल्या दिवशी मी सकाळच्या ऑपरेशनचे गाऊन बांधत होते, तर त्यांनी माझा हात धरला.

"हा नको."

मी गाऊन उजेडात उलटसुलट करून पाहिला. मला काही दिसेना.

"डाव्या बाहीला बघ. माझ्या हातचा आहे," ते खाली बघत म्हणाले. एवढा एकच नजरेतून सुटला होता, असंही म्हणाले. मी भोळी, मला ते खरं वाटलं.

सकाळी काकूंचं ऑपरेशन छान झालं. मला वाटलं, आता मास्तर दिवसभर त्यांच्या उशाशी बसतील. पण तासाभरात ते धापा टाकत आले आणि कपाटातले गाऊन भराभर बाहेर ओढायला लागले. एकोणीस निघाले. सगळ्यात सुंदर रफू होतं नेमके तेवढेच त्यांनी लपवले होते. टाकवत नव्हते म्हणे. मला असा राग आला की बोलायची सोय नाही. पण तोवर त्यांनी स्वतःच सिस्टरना बोलावलं होतं.

सिस्टरनी फार सुनावलं. मग त्यांनी विचारलं, आज एकदम कबूल का केलंत?

"हिला शुद्धीवर आल्यावर सांगितलं, तुझ्यासाठी वाईट गाऊन बाजूला काढला," मास्तर म्हणाले. "तर म्हणाली, दुपारी माझ्या शेजारच्या खाटेवरच्या बाईला ऑपरेशनला नेणार आहेत. तिच्या नवऱ्याला कुठं येतं ओळखायला?"