हार्ड डिस्कला लागलेलं कुंकू

आमच्या शारजाच्या घरात दसऱ्याला कोणत्याच यंत्राची सुटका नसते. नवरा लॅपटॉप, गाडीची किल्ली, मिक्सर, एसीचा रिमोट असं सगळं पाटावर मांडतो आणि ओलं हळदकुंकू अशा सढळ हाताने लावतो की देवालाही संकोच वाटावा. गेल्या दसऱ्याला त्या रांगेत माझी हार्ड डिस्कही होती. पूजा झाली, फूल वाहिलं आणि ती कपाटात गेली.

हिवाळ्यात पुण्यात बाबांना पक्षाघाताचा झटका आला. हातपाय सावरले, पण बोलणं गेलं. जन्मभर शाळेत गणित शिकवलेल्या माणसाला साधं ‘पाणी’ म्हणता येईना. वाचा-उपचार करणाऱ्या बाईंनी मला फोनवर विचारलं, “पाठ केलेलं कधीकधी शाबूत राहतं. त्यांच्याच आवाजातलं काही आहे का तुमच्याकडे?”

होतं. बाबा आमच्याकडे व्हिजिट व्हिसावर आले होते, तेव्हा रोज संध्याकाळी माझ्या मुलीला मांडीवर घेऊन पाढे म्हणायचे. मध्येच थांबून “पुढे?” असं विचारायचे. ती उत्तर द्यायची इंग्रजीत, आणि बाबा कपाळाला हात लावायचे. ते रेकॉर्डिंग फक्त त्या डिस्कवर होतं.

डिस्क लॅपटॉपला जोडली. दिवा लागला, आत घरघर झाली, पण स्क्रीनवर काही नाही. ऑफिसच्या कॉम्प्युटरवरही तेच. नवरा इंटरनेटवरचे उपाय मोठ्याने वाचत बसला. ‘फॉरमॅट करा’ ऐकल्यावर मी लॅपटॉपच बंद केला.

शेवटी जवळच्या एका दुरुस्तीच्या दुकानात गेले. दुकानदार रत्नागिरीचा निघाला. त्याने डिस्क आपल्या कॉम्प्युटरला जोडून कानाशी धरली, मग तशीच माझ्या हातात दिली.

“ऐका ताई, फिरतेय. टकटक नाही, म्हणजे आतली तबकडी ठीक असणार, इन्शाल्ला. वाचणारी सुई तिला टेकतसुद्धा नाही. इतक्या जवळून तरंगते, की मधे धुराचा कण मावायचा नाही.”

मी ती कानाशी धरून उभीच राहिले. तळहाताएवढी डबी, तिच्यात माझ्या बाबांचा आवाज, आणि तो ना दिसतो ना हाताला लागतो. रोज कॉम्प्युटरवर काम करणारी मी, पण हे नवल मला त्या दिवशी कळलं. अंगावर काटा आला आणि भीतीही वाटली. एवढ्या नाजूक वस्तूवर आपण काय काय सोपवून मोकळे होतो!

त्याने दुसरी वायर लावून पाहिली. तरी काही नाही. वायर बाहेर काढली तर टोकाला लालसर काहीतरी लागलेलं.

“गंज चढलाय. इकडची खारी हवा. लॅबला पाठवायची का?”

मी बोटाने ते पुसून पाहिलं. हा रंग मला कोणी सांगायची गरज नव्हती.

“गंज नाही, कुंकू आहे ते.”

त्याने डिस्ककडे पाहिलं, मग माझ्याकडे. “हिची पूजा केलीत?”

“दसऱ्याला. यंत्रांची करतात ना.”

“करतात की. आमच्या गावात शेजारी बोटीच्या इंजिनाला लावायचे. पण ताई, इंजिनाच्या तोंडात नाही घालायचे!”

मला हसू आवरेना. मनातल्या मनात नवऱ्याला चार शिव्याही घातल्या. दुकानदाराने बारीक ब्रश स्पिरिटमध्ये बुडवून डिस्कची वायर लावायची खाच साफ केली, सुकू दिली आणि वायर जोडली. फोल्डर उघडलं. दुकानभर बाबांचा खणखणीत आवाज घुमला, “बे एके बे.” मी काउंटरवरच डोकं टेकून रडले.

“यल्ला, चला ताई, आधी कॉपी करा,” तो हळूच म्हणाला.

संध्याकाळी व्हिडिओ कॉल लावला. बाबा खुर्चीत, नजर कुठेतरी हरवलेली. रेकॉर्डिंग सुरू झालं तशी त्यांची मान वळली. बे एके बे, बे दुणे चार. ओठ हलू लागले, आवाज नव्हता. बे त्रिक सहा.

मुलीने हात पुढे करून रेकॉर्डिंग थांबवलं. “वेट, ममा.”

पलीकडे बाबांचे ओठ हलतच राहिले. मी तिला ओरडणार होते.

“बे... चोक... आठ.” आवाज घोगरा होता, पण बाबांचाच होता. तोंडून पहिला शब्द फुटताना मी माझ्या मुलीला पाहिलं होतं, आता वडिलांना पाहत होते.

मुलगी स्क्रीनला नाक लावून म्हणाली, “बे पाचे दहा, आजोबा.” चक्क मराठीत.

बाबा तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांचं बोट सावकाश वर आलं.

“पुढे?”