माहेरचं नाव
घासलेटच्या स्टोव्हचा वास आला की लहानपणीची ती बस आठवते. शेजारच्या मेकॅनिक चाचांनी तिच्यातली बाकं काढून खाटा आणि स्टोव्ह बसवला होता, आणि आमची सगळी आळी तिच्यातून सहलीला निघाली होती. वाटेत बोरी अरब लागलं, आईचं माहेर. चाचांनी विचारलं, “भाभी, रोकू का गाडी?” “कायले? आता तिथं माहं कोन हाये?” आई म्हणाली. तरी चहाचं निमित्त काढून त्यांनी विहिरीपाशी बस थांबवली. आई खाली उतरली. पाणी भरणाऱ्या एका म्हातारीनं तिला निरखून पाहिलं आणि लग्नाआधीच्या नावानं हाक मारली. आई तिच्याकडे पळत सुटली. तिला पळताना मी कधी पाहिलंच नव्हतं. आता मी सत्तरी ओलांडली आहे, आणि माझं माहेरचं नाव ठाऊक असलेलं कुणी उरलेलं नाही.