कोचबद्दल सगळे चांगलंच बोलले

हॅमिल्टनमध्ये माध्यमिक शाळेलाही कॉलेज म्हणतात. पोरगी नववीतच कॉलेजला गेली, हे पुण्यातल्या नातेवाइकांच्या पचनी पडायला वेळ लागला. माझी लेक त्या कॉलेजच्या मुलींच्या फुटबॉल टीमची गोलकीपर होती, आणि त्या हंगामात टीम एकही मॅच जिंकली नाही. दर शनिवारी सकाळी मी हाफ-टाइमसाठी संत्र्याच्या फोडी करून न्यायचो. पोरी त्या इतक्या निवांत खायच्या की मॅच आपणच जिंकतोय असं वाटावं.

हेड कोचला शाळेने वेलिंग्टनहून खास बोलावून आणलं होतं. बायको-मुलांसह तो शाळेच्याच आवारातल्या घरात राहायचा. नोकरी गेली की घरही जाणार, हे त्यानेच मला एकदा संत्र्याची फोड चोखत सांगितलं होतं. मला तो माणूस आवडायचा. लेकीने गोल खाल्ला की तो ओरडायचा नाही. मॅच संपल्यावर तिच्याजवळ जाऊन, उडी कधी मारायची ते शांतपणे समजावत राहायचा.

हंगाम संपल्यावर शाळेने पालकांची बैठक बोलावली. विषय एकच, पुढच्या वर्षी कोच ठेवायचा की नाही. मी कंबर कसून गेलो. आमच्या पुण्यात सोसायटीच्या सेक्रेटरीला काढायचं असेल तर त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार होतो, आणि ठेवायचं असेल तरी दोन-तीन पिढ्यांचा होतोच. इथेही कुणीतरी कोचचे वाभाडे काढणार आणि मी त्याची बाजू लढवणार, अशी माझी तयारी होती.

वाभाडे कुणी काढलेच नाहीत. एक आई म्हणाली, "ही इज सच अ लव्हली गाय." एक बाबा म्हणाले, पोरींसाठी त्याने हीप्स, म्हणजे पुष्कळच, केलंय. आणखी कुणी त्याच्या बायकोच्या केकचंही कौतुक केलं. मुख्याध्यापिका मान डोलवत होत्या. मला काही कळेना. सगळं इतकं छान आहे, तर आपण जमलोय कशाला? पण भांडायला कुणी नाही म्हटल्यावर मीही उठलो आणि सगळ्यांवर कडी केली. असा सज्जन माणूस शोधून सापडणार नाही, म्हणालो. लोकांनी माझ्याकडे फार मायेने पाहिलं. मग चहा पिऊन सगळे घरी गेले.

दुसऱ्या दिवशी कोच मैदानावर गोलची जाळी सोडवत होता.

"किया ओरा!" त्याने माओरीत नमस्कार केला. "कशी झाली मीटिंग?"

"अजिबात काळजी करू नकोस," मी म्हणालो. "तुझ्याविरुद्ध चकार शब्द नाही. नुसतं कौतुक."

त्याचा चेहरा उतरला. "सगळ्यांनी?"

"सगळ्यांनी."

"प्रिन्सिपलनेसुद्धा?"

"त्या तर मान डोलवत होत्या."

त्याने जाळीची घडी घातली. "राइट. म्हणजे घर शोधायला लागायला हवं."

मी चक्रावलो. "अरे, पण सगळे तुझ्या बाजूने आहेत!"

"ठेवायचं असतं तर त्यांनी माझ्या चुका सांगितल्या असत्या, मेट. मागच्या वर्षी ढीगभर सांगितल्या होत्या."

आठवडाभरातच त्याचं म्हणणं खरं ठरलं. पण त्या सकाळी मला ते पटतही नव्हतं आणि खोडताही येत नव्हतं. फार वाईट वाटत होतं. रागही आला होता, पण तो कुणावर काढायचा? कुणी वावगं बोललंच नव्हतं.

जाळी खांद्यावर टाकून तो घराकडे निघाला. चार पावलं जाऊन मागे वळला.

"आणि तू काय म्हणालास?"

"मी म्हणालो, तुला डिफेन्स शिकवायची अक्कल नाही."

त्याने खांद्यावरची जाळी सावरली. मग हसला.

"थँक यू, मेट," तो म्हणाला.