चटका न लागणारे मामा

भोकरदन आणि जाफराबाद या दोन तालुक्यांत उष्णतेविषयी सर्वांत जास्त बोलणारा आणि सर्वांत कमी जाणणारा माणूस कोण, असं कुणी विचारलं, तर मी बेधडक माझ्या बायकोच्या मामांकडे बोट दाखवीन. वय अडुसष्ट, धावड्याला शेती, साखरेचा आजार अकरा वर्षांचा, आणि जगातल्या प्रत्येक दुखण्यावर त्यांच्याकडे औषध एकच: शेक. शेक म्हणजे गरम पाण्याची पिशवी नव्हे. ती त्यांच्या मते बाळंतिणीची. रुईची पानं करपेपर्यंत तापवून बांधायची, नाहीतर तापली वीट फडक्यात गुंडाळून ठेवायची. लंगड्या बैलाला डाग देतात तर माणसाला का नको, हा त्यांचा सिद्धान्त. बैलाचं मत त्यांनी कधी विचारलेलं नाही. पाहुणे आले की चुलीतला निखारा बाहेर ओढून अनवाणी टाचेनं विझवून दाखवतात. हा प्रयोग मी सात वेळा पाहिला आणि सातही वेळा ऐकलं, "आपल्याला चटका लागत न्हाई."

उजवा गुडघा आखडून खाली बसणंच बंद झालं, तेव्हा मी त्यांना जाफराबादला फिजिओथेरपीच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी शेकाची मशीन दाखवली. गुडघ्याच्या दोन बाजूंना दोन चकत्या, पंधरा मिनिटं, उष्णता थेट आत खोलवर.

"वरून नुसतं कोमट वाटेल, बाबा. चटका बसला तर लगेच सांगायचं."

"कोमट?" मामा माझ्याकडे वळले. "जावईबापू, आपण काय आंघोळीला आल्तो का इथं? बाई, बटन पुरं फिरवा. ह्या पायानं निखारे विझवलेत."

बाईंनी आधी दोन काचेच्या नळ्या आणल्या, एकीत गरम पाणी, दुसरीत थंड. डोळे मिटायचे आणि पायाला काय लागतंय ते सांगायचं.

"पोरखेळ करून राह्यल्या बाई," म्हणत मामांनी डोळे मिटले.

गुडघ्यापासून पावलापर्यंत नळी दहा वेळा टेकली. मामांनी हजेरी दिल्यासारखी खणखणीत उत्तरं दिली: गरम, थंड, गरम, थंड. मला मोजायची सवय आहे. बाईंनी सुरुवातीला सलग तीनदा गरम नळी लावली होती आणि शेवटी सलग चारदा थंड. दहापैकी पाच उत्तरं बरोबर. नाणं उडवलं असतं तरी साधारण तेवढीच आली असती. मामांची फजिती पकडल्याच्या आनंदात मी बाईंकडे पाहिलं. त्या हसत नव्हत्या. त्यांनी चकत्या बाजूला सारल्या.

"बाबा, साखरेनं पाय बधिर झालाय. चटका कळला नाही तर आतून भाजेल आणि तुम्हाला पत्ताही लागणार नाही. हा शेक तुम्हाला देता येत नाही. घरचाही आजपासून बंद. गुडघ्याला व्यायाम शिकवते. आणि तळपाय रोज कुणाकडून तरी बघून घ्या. एखादी जखम न कळता वाढली तर पाय जाईल."



"मंग ते निखारे?" मामांनी विचारलं. बाईंना प्रश्नाचा रोख कळला नाही आणि मला सांगवेना.

एसटी स्टँडच्या बाकावर त्यांनी आपणहून चप्पल काढली आणि पाय माझ्या मांडीवर ठेवला. वडीलधाऱ्या माणसानं जावयाच्या मांडीवर पाय ठेवावा, असं आमच्याकडे होत नाही. टाचेत बाभळीचा काटा मोडून बसला होता, निदान आठवड्याभराचा. मी नखांनी तो उपसून काढला. मामा तोंड फिरवून गाड्यांकडे बघत होते, दात आवळलेले.

"हळू काढा," ते म्हणाले.

काटा केव्हाच माझ्या चिमटीत होता.

"हळूच काढतो, मामा," मी म्हणालो, आणि आणखी थोडा वेळ त्यांची टाच धरून बसलो.