औषधाच्या नळ्यांतली तुळस

त्या दिवसाची यादी अजून माझ्या वहीत आहे. दूध, लोणचं, औषधाचं अन्न : तुळस. तिन्हींपुढे बरोबरची खूण.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. बनारसच्या विद्यापीठात मी फळमाश्या सांभाळायची. मक्याचं पीठ आणि गूळ शिजवून काचेच्या नळ्यांत ओतायचं, माश्या सोडायच्या, कापसाचा बोळा लावायचा. काही माश्यांत जन्मतः दोष होता. नळी आपटून मी सेकंद मोजायची; बाकीच्या भरभर वर चढत, या तळाशीच थरथरत. माझा धाकटा भाऊ रामघाटाच्या पायऱ्यांवर तसाच थरथरायचा. दोष तोच, फार थोड्यांना होणारा, औषध नसलेला. प्रयोगशाळेतले सर काही नळ्यांतल्या अन्नात औषध म्हणून एक पूड मिसळून बघत होते.

मध्येच ग्रहण आलं. आमच्यात ग्रहणाआधी शिजवलेलं टाकतात. ठेवायचंच तर त्यात तुळशीपत्र घालतात. नळ्यांतलं साधं अन्न मी टाकलं, दुसऱ्या दिवशी नवं केलं. औषधाचं टाकवेना, पूड मोजकीच होती. त्या प्रत्येक नळीत एकेक पान दाबलं.

चार दिवसांनी औषधाच्या नळ्या आपटल्या. तिरप्या उन्हात लाल डोळ्यांचे ठिपके काचेवरून उठले. अडखळत, पण वर, वर, गंगेवरून धुकं उठतं तसे. माझ्या हातातली पेन्सिल घेऊन सरांनी स्वतःच मोजल्या.

घरी भावाला सांगितलं, औषध लागू पडतंय. दुसऱ्या दिवशी तो भिंत न धरता घाट उतरला. मी वरून बघत राहिले; नदी, ऊन, तो, सगळं तरंगल्यासारखं.

त्या संध्याकाळी वही चाळताना ती ओळ दिसली. तुळस.

सकाळी सरांना सांगितलं. त्यांनी दोन रिकाम्या नळ्या माझ्यापुढे ठेवल्या. "फिर से करो. एक में सिर्फ़ पाउडर. एक में सिर्फ़ तुलसी."

नुसत्या पुडीवर माश्या तळाशीच राहिल्या. नुसत्या तुळशीवर सगळ्या वर; पान काढलं की त्याच पुन्हा तळाशी.

भाऊ घाटाच्या खालच्या पायरीवर बसला होता. त्याला सगळं सांगितलं.

"म्हणजे वासाला भिऊन पळत होत्या?"

"हो."

"असल्याच पायांनी?"

"असल्याच."

तो पाण्याकडे बघत हसला. "मग ताई, खाली तुळस ठेव. मी चढतो वर."

उठला. भिंत धरून एकेक पायरी चढू लागला. मी मागून, सवयीने सेकंद मोजत.