पाठमोरी मॅच

काल नाक्यावरच्या टीव्हीच्या दुकानासमोर मॅच बघायला गर्दी जमली होती, आणि त्या गर्दीत एक मावशी पडद्याकडे पाठ करून उभ्या होत्या. विचारलं तर म्हणाल्या, "मी बघितलं की विकेट जाते गं."

माझं डोकंच फिरलं. अंधश्रद्धेविरुद्ध पत्रकं वाटत फिरणारी मी! पण भांडायच्या आधी आई आठवली.

आमचे बाबा देव मानत नसत. मॅचच्या दिवशी मात्र सोफ्याचं ठरलेलं टोक सोडत नसत, आणि काका मागच्या विजयाचा शर्ट न धुता घालत. आई एकदा मॅच बघायला बाहेर आली आणि कोणीतरी आऊट झालं, तेव्हापासून तिची जागा स्वयंपाकघरात. पुरुषांचं ते व्रत आणि बाईचा तो विटाळ, हा कुठला न्याय? तरी कांदा परतताना नुसत्या आरडाओरड्यावरून तिला कळायचं. "अहो, सिक्स ना?" असं ती आतून विचारायची आणि सगळं घर हसायचं. त्या हसण्यासाठी आजही जीव तुटतो. पण त्या सगळ्या वर्षांत एकही चेंडू तिने डोळ्यांनी पाहिला नाही.

शेवटची ओव्हर आली. "मावशी, वळा," मी म्हटलं. "हरलो तर शिव्या मला घाला."

त्या वळल्या. पुढच्याच चेंडूवर आपला शेवटचा गडी झेलबाद झाला. गर्दी हळहळली. मी शिव्यांची वाट बघत राहिले.

मावशी पडद्यावरून नजर न हलवता म्हणाल्या, "काय पकडला गं त्याने! परत दाखवतील ना?"