मधलं एक वर्ष

ओसाकात आम्ही चौथ्या मजल्यावर राहायचो आणि लिफ्ट नव्हती. लेक आठ महिन्यांची, कडेवर ती, दुसऱ्या हातात दुधाची पिशवी, आणि दुसऱ्या मजल्यावरच मला दम लागायचा. कठडा धरून उभी राहायची मी, छातीत धडधड, आणि मनात एकच, मला काही झालं तर हिला कोण बघणार. नवरा कॉम्प्युटरच्या कामात, त्याला वाटायचं बाळंतपणाचं वजन आहे. "भोंगा वाजला की कळतं मॅडम आल्या," माझ्या धापांना म्हणायचा. मी पण हसायची. खरं सांगितलं असतं तर मला गावी पाठवलं असतं, ही भीती.

तेव्हाच वॉर्ड ऑफिसात बाळांच्या तपासणीला ती भेटली. पाठीला सॅक, जीन्स. मी लेकीला गप्प करत होते ते ऐकून जवळ आली. "तू मराठी आहेस, ताई?" आईवडील सांगलीचे, जन्म लंडनचा, म्हणून सगळ्यांना तूच म्हणायची. माझ्यापेक्षा एका वर्षाने लहान. तिला अभ्यासासाठी नुकत्याच आई झालेल्या बायका हव्या होत्या. विद्यापीठात यायचं, लाकडी पायरीवर तीन मिनिटं चढउतार करायची, मग ती छातीचे ठोके मोजणार.

"तुम्ही डॉक्टर का?"

"होणार. लंडनला तीन वर्षं झाली. आता मधे एक वर्ष थांबले, इथे खेळाचं सायन्स शिकते. धावताना हृदयाला काय होतं, ते. मग परत डॉक्टरकी."

"मधेच सोडलं? आणि परत घेतात?"

"घेणारच ना. माझी जागा ठेवलीय."

घरी येईपर्यंत माझ्या डोक्यात तेच. माझी अकरावी मधेच सुटली होती, दिवाळीच्या सुट्टीत लग्न ठरलं म्हणून. वडील म्हणाले होते, पुढचं तिकडे जाऊन बघा. इथे येऊन बघितलं तर कचरा वेगळा करायचे चार डबे आणि एक खिडकी.

ठरल्या दिवशी लेकीला घेऊन गेले. तिने आधी फॉर्म भरून घेतला, आधी कुठला खेळ खेळायचीस का, मी म्हटलं नाही. मग टिकटिक करणारं यंत्र लावलं, त्या तालावर चढायचं, उतरायचं. एक मिनिट झालं असेल नसेल, डोळ्यांपुढे काळं आलं. मी खालीच बसले. तिने मनगट धरलं आणि तिचा चेहरा बदलला. तिच्या जपानी सरांना, सेन्सेईंना बोलावलं, दोघं इंग्रजीत बोलायला लागली, मला एक शब्द कळेना, आणि मला वाटलं संपलं. लेक सेन्सेईंचा टाय धरून हसत होती. मी म्हटलं, "माझ्या नवऱ्याला सांगू नका, मी तुमच्या पाया पडते."

ती थांबली. "ताई, तू सकाळी काय खाल्लंस?"

"काही नाही. तपासणी ना, उपाशीपोटीच आले. रात्रीपासून पाणी पण नाही घेतलं."

"पाणी पण नाही? आणि बाळाला दूध देतेस?" ती जमिनीवरच बसली, हसत होती का रडत होती कळेना. सेन्सेई हसले नाहीत. उठून खालच्या कोंबिनी दुकानातून भाताचे दोन त्रिकोणी गोळे घेऊन आले, आत आंबट काहीतरी. मी दोन्ही खाल्ले, तिथेच, सगळ्यांसमोर.

"मला घाबरवलंस," ती म्हणाली. "पण रोज जिन्यावर दम लागतो ना, तो उपासाने नाही. मी अजून डॉक्टर नाही, मला सांगता येत नाही. खऱ्या डॉक्टरकडे जा. आणि नवऱ्याला घेऊन जा."

सांगावं लागलं. त्याने दुसऱ्या दिवशी रजा घेतली आणि मला डॉक्टरकडे नेलं. हृदय चांगलं होतं. रक्त फार कमी झालं होतं, लोहाच्या गोळ्या मिळाल्या. त्या दिवसापासून भोंग्याचं नाव त्याने काढलं नाही.

दोन महिन्यांनी पोहे खाऊन परत गेले. तीन मिनिटं पूर्ण केली. ती फॉर्म पुढे धरून म्हणाली, "खेळ, नाही, ना?"

"खो-खो," मी म्हटलं. "तालुक्याच्या टीममधे होते."

"मग आधी का नाही सांगितलंस?"

"मधेच सुटलं होतं ना. ते कशात धरायचं?"

खो-खो कसा खेळतात, तिला माहीत नव्हतं. मी ओढणी कमरेला बांधली आणि लॅबच्या फरशीवर बसले, एक पाय पुढे, चवड्यावर. "आता मागून ये, पाठीला हात लाव आणि खो म्हण." तिने म्हटलं, अगदी हळू, आणि मी दारापर्यंत धावले. सहा वर्षांनी धावले मी. परत फिरले तर ती घड्याळ हातात धरून तशीच उभी, मोजायचं विसरलेली.

महिन्याने ती लंडनला परत गेली, डॉक्टरकीच्या चौथ्या वर्षाला, तिच्या ठेवलेल्या जागेवर.

आता चार मजले एका दमात होतात. वर गेले की लेकीला खाली ठेवते, कुलूप काढायच्या आधी एक पाय पुढे घेऊन दारात बसते, चवड्यावर. लेक मागे रांगत येते, पाठीला हात लावते, काही म्हणत नाही. तिला अजून खो म्हणता येत नाही. मी थोडा वेळ तशीच बसते.